कंट्रोलर तात्या

बरा होणारा आजार कंट्रोलर तात्यांना आवडत नाही. सर्दी, ताप, लचक असल्या चार दिवसांच्या दुखण्यांना ते 'जादा गाडी' म्हणतात. यात्रेपुरती सुटते, पुढं तिचा पत्ता नसतो. तात्यांची सगळी नोकरी एसटीत गेली, त्यातली निम्मी सातारा स्टँडावरच्या कंट्रोल केबिनमध्ये, माइकसमोर. निवृत्तीनंतर माणसं भिशी चालवतात, तीर्थयात्रा करतात, सोसायटीत भांडतात. तात्यांनी तिन्ही करून पाहिलं. करमेना. मग मुलीची बदली झाली, तिची कुकी आईवडिलांकडं आली आणि वर्षभरात कुकीच्या डोळ्यांतलं पाणी आटलं. तात्या ड्यूटीवर रुजू झाले.

असा एक माणूस प्रत्येक आळीत असतो. 'जेवलीस का?' हे त्याला विचारता येत नाही. 'जेवण दीडचं होतं, दोन वाजले' एवढंच येतं.

कुकी पग आहे. 2003 साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका पोरामागं धावणारा पग सगळ्या देशानं पाहिला, आणि नंतर ज्याला त्याला पगच हवा झाला. जाहिरातीत दिसलं नाही ते असं, की या चपट्या तोंडाच्या, बटबटीत डोळ्यांच्या कुत्र्यांना डोळ्यांची दुखणी फार. शिह त्झू, ल्हासा अ‍ॅप्सो, कॉकर स्पॅनियल यांच्यातही हा कोरडेपणा बराच आढळतो. बहुतेक वेळा शरीराची रोगप्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते आणि अश्रूंचा पाणेरी भाग बनेनासा होतो. उरतो तो चिकट शेंबूड. त्यामुळं कोरडा डोळा दिसायला उलट भरलेला दिसतो, पिवळट, तारा सुटणाऱ्या चिपडांनी. आळीनं निदान केलं, डोळे आले. एकीनं गुलाबपाणी सुचवलं, दुसरीनं मध. एकानं स्वतःच्या उरलेल्या थेंबांची बाटली आणून दिली. तात्यांनी बाटलीवरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं आणि बाटली परत केली. तेवढं बरं झालं, कारण ते स्टेरॉइड होतं, आणि बुबुळावर जखम असली तर त्यानं डोळाच जाऊ शकतो.

मग कुकीला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथं डॉक्टरांनी गाळणकागदाची एक पट्टी काढली. हिला शिर्मर चाचणी म्हणतात. पट्टीचं टोक खालच्या पापणीत अडकवायचं आणि एका मिनिटात ओल किती उतरली ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. पंधरा किंवा वर म्हणजे ठीक, दहाच्या खाली म्हणजे कोरडेपणा. तात्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभे होते.

"डॉक्टर, अठ्ठावन्नला काढलीत."

डॉक्टरांनी मुकाट्यानं दुसरी पट्टी काढली. उजवा डोळा सात, डावा चार. डॉक्टर म्हणाले, हे बरं होणार नाही, आटोक्यात राहील. सायक्लोस्पोरिनचं मलम दिवसातून दोनदा, जन्मभर. गुण यायला काही आठवडे लागतील, आणि आला म्हणून थांबवायचं नाही. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पदर डोळ्यांना लावला. तात्यांचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणजे कायमची फेरी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घरात लॉगशीट लागलं. सकाळी आणि रात्री आठ वाजता कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं साफसफाई. आठ-पाचला कृत्रिम अश्रूंचा थेंब. आठ-दहाला मलम. मधली पाच मिनिटं कुणी तोडायची नाहीत, कारण लगेच दुसरं औषध घातलं की पहिलं वाहून जातं. "पुढची सुटल्याशिवाय मागची फलाटाला लावायची नाही," असं ते एकदा दूधवाल्यालाही समजावत होते. नुसत्या अश्रूंच्या थेंबाला दिवसात आणखी चार फेऱ्या. स्कूटरवर कुकीला पुढं उभी करून नेणं बंद, कारण वारा आणि धूळ. "शरीराचा कोणताही भाग बाहेर काढू नये," असं ते तिला बजावतात. कुकी ऐकते. काकू म्हणतात, एवढं ऐकणारा प्रवासी यांना उभ्या नोकरीत मिळाला नाही.

कऱ्हाडला सख्ख्या पुतण्याचं लग्न होतं. पंगत बसायला साडेसहा झाले. तात्या जिलेबीच्या आधी उठले. नवऱ्या मुलाच्या बापानं हात धरला, "दादा, आजच्या दिवस एक फेरी रद्द करा की!" तात्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्या गृहस्थानं स्वतःच त्यांना रिक्षा बघून दिली.

दोन महिन्यांनी ते शिरवळहून परतले ते दारातून ओरडतच, "तेरा मिलिमीटर!"

पावसाळ्याचे दिवस. समोरचे पाटील गॅलरीत आले. "कुठं? कोयनेला?"

"डाव्या डोळ्यात!"

पाटील पुढं काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी पानपट्टीवर आकडा पोचला होता, आणि महाबळेश्वरच्या आकड्यांच्या शेजारी त्याचीही चर्चा झाली.

मलम लागू पडलं नसतं तर एक ऑपरेशन होतं. लाळेची नळी गालातून वळवून डोळ्यात सोडतात, मग जनावर खायला लागलं की डोळा भिजतो. काकूंना हे ऐकून हसू आवरेना. "भाकरी दिसली की रडायचं! हे तर तुमच्या भावाचं झालंय." तात्यांनी मात्र गांभीर्यानं नकार दिला. सांगलीची गाडी पंढरपूरच्या मार्गावर घालायची आणि वर प्रवाशांनी तक्रार करायची नाही, हे त्यांच्या तत्त्वात बसेना.

यंदा काकूंचे डोळे चुरचुरायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. तात्यांनी भिंग लावलं. सायक्लोस्पोरिन. हे औषध कोरड्या डोळ्यांवर आधी कुत्र्यांत चाललं, अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या रेने कॅसवान या पशुवैद्य बाईंनी ते दाखवलं, आणि माणसांसाठी थेंब म्हणून ते 2002 मध्ये मंजूर झालं. हे सगळं तात्यांनी काकूंना अभिमानानं ऐकवलं. काकूंनी ते कौतुक म्हणून घेतलं नाही.

रात्री लॉगशीटवर दुसरी ओळ आखली गेली. काकूंनी चष्मा लावून वाचली.

"अहो, तिची वेळ आठची आणि माझी सव्वाआठची?"

"ती सिनियर आहे," तात्या म्हणाले. "तुमची सेवा आजपासून सुरू."