समुद्र नसलेलं बेट

मराठी माणूस बेटावर राहत असला की त्याचं कोण कौतुक होतं! मॉरिशसचे मराठी घ्या. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर राबायला गेले. आज तिथे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि इकडे आपल्याला ते ऐकून भरून येतं. मीही कोकणातलीच, गुहागरची. मीही आयुष्याचा मोठा भाग परक्या बेटावरच काढला. पण माझं बेट रायपूरच्या समता कॉलोनीत असल्यामुळे कोणाला काही भरून येत नाही. माहेरच्या लग्नात हटकून कोणीतरी विचारतं, "रायपूर म्हणजे कर्नाटकातलं ना?" ते रायचूर, असं मी सांगते. "हां हां, झारखंड!" म्हणत ती व्यक्ती जिलबीकडे वळते.

बेटाला चारी बाजूंनी पाणी लागतं, माझ्या बेटाला हिंदी आहे. एका भिंतीपलीकडे अगरवाल, दुसऱ्या भिंतीपलीकडे सिंधी, समोर गुजराती. खरा समुद्र बघायचा तर अख्खा ओडिशा ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत जावं लागतं. नाही म्हणायला १९३५ पासूनचं महाराष्ट्र मंडळ शेजारच्याच चौबे कॉलोनीत आहे. होडी उलटलीच तर पोहत गाठता येईल इतकं जवळ.

सासरच्यांना मात्र आपण बेटावर आहोत हे मान्यच नाही. त्यांचं मूळ घर तात्यापाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत. समता कॉलोनीत ते नंतर आले. महाराष्ट्र सोडून इतक्या लांब कसे काय आलात, असं मी नवी नवरी असताना विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आम्ही कुठे गेलो गं? आम्ही इथेच बसून होतो, राजधानीच उठून गेली." बरोबरच होतं त्यांचं. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपुरातून चालायचा. मग राजधानी भोपाळला गेली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ झाल्यावर थेट दारात आली. उंबरठाही न ओलांडता माणूस परप्रांतीय कसा होतो, ते या घराकडून शिकावं. १९८१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं होतं, गंगाधर गाडगीळ अध्यक्ष होते, हे सासूबाई अजून अभिमानाने सांगतात. भाषणातलं त्यांना काही आठवत नाही. पंगतीतलं सगळं आठवतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं लटकतात. एक कालनिर्णय, माझं. दुसरं जबलपूरचं लाला रामस्वरूप, घराचं. दोघांचं पटत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे शेजाऱ्यांचा श्रावण आमच्याआधी पंधरा दिवस येतो आणि राखी बांधून निघूनही जातो, तेव्हा आमचा निम्मा उरलेला असतो. अगरवाल भाभीजींचे उपास सुटतात तेव्हा माझे रंगात आलेले असतात. "आपका सावन अभी तक चल रहा है?" असं त्या दर वर्षी अशा काळजीने विचारतात, की मला एखादं दुखणं लांबल्यासारखं वाटतं.

खरी पंचाईत मात्र श्रावण उरण्याची नाही, लागण्याची आहे. आषाढी अमावास्या. आपल्याकडे दिव्यांची पूजा होते, आणि घरातली पुरुषमंडळी त्या दिवसाला ज्या दुसऱ्या नावाने ओळखतात ते मी लिहीत नाही. नेमका तोच दिवस छत्तीसगढात हरेलीचा. शेतकरी नांगर-कुदळी धुऊन पुजतात, दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतात, पोरं बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून उंच उंच फिरतात. आणि त्याच दिवशी आमच्या गल्लीतला सावन अगदी ऐन भरात, भजनं चालू. श्रावण लागायच्या आत डबा रिकामा करायचा म्हणून मी गुहागरहून आणलेले सुके बोंबील काढते. आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याहून रायपूरपर्यंत ते चार पिशव्यांत गुंडाळून, वर नॅप्थलीनच्या गोळ्या घातलेल्या साड्या ठेवून आणलेले असतात. डब्यातल्या प्रवाशांना शेवटपर्यंत कळत नाही की वास कसला आणि कुठून येतोय. समता कॉलोनीत कळतं.

एकदा सगळ्या खिडक्या लावून, पंखा लावून, उदबत्ती लावून मी तवा तापवला, तेव्हा पहिली हाक शेजारून आली नाही, मागच्या दारातून आली. भांड्यांना येणारी बाई पदराला हात पुसत आत आली, नाक वर करून उभी राहिली आणि तिचा चेहरा असा उजळला की तसा पगाराच्या दिवशीही उजळत नाही. "सुकसी?" तिच्या गावातही सुकी मासळी खातात. टोमॅटो घालून कशी रांधायची ते तिने मला तिथेच उभ्याउभ्या सांगितलं. माझ्या घरातल्या तात्यापाऱ्याच्या तीन पिढ्यांनी बोंबलाला नाक मुरडलं होतं. या बेटावर माझ्या जातीचं माणूस मिळालं ते असं. तेव्हापासून डब्यातला एक वाटा तिचा.

आमच्यात ओळख वाढली ती "आज का साग रांधे हव, दीदी?" या प्रश्नाने. आज कसली भाजी केली? छत्तीसगढी माणूस हे विचारतो तेव्हा ती चौकशी नसते, नमस्कार असतो. उत्तर मात्र द्यावंच लागतं. 'वांगं' म्हटलं तर पुढची विचारपूस होते, 'काही नाही, वरण-भात' म्हटलं तर घरात कोणी आजारी आहे का असा चेहरा होतो. लाल भाजी, चेच भाजी, करमत्ता, तिवरा अशा इतक्या पालेभाज्या खाणाऱ्या लोकांपुढे 'आज भाजी नाही' म्हणायला छाती लागते.

छातीवरून आठवलं. या मुलखात आम्ही मराठे काही हात जोडत आलेलो नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले आणि तिथल्या हैहयवंशी राजाने फारशी लढाई न देता शरणागती पत्करली. पुढे १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसल्यांनी तिथूनच राज्य केलं. दसऱ्याला सोनं वाटायची चाल त्यांनीच इथे रुजवली असं सांगतात, आणि आजही दसऱ्याला सिंधी शेजारी माझ्या हातावर सोनपत्ती ठेवतात. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं, 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. वामनराव लाख्यांच्या नावाने अख्खं लाखेनगर आहे. तर अशा या दिग्विजयी परंपरेची वारस असलेली मी भाद्रपद शुद्ध तृतीयेच्या आठवड्यात काय करते?

भांडी घासते.

कारण त्या आठवड्यात तिजा असतो. आपली हरतालिका तीच, पण आपण ती सासरी वाळूची पिंड करून उरकतो. छत्तीसगढात तिजा माहेरीच करायचा. पोळा झाला की भाऊ नाहीतर बाप न्यायला येतो. लग्न होऊन वर्ष झालेली जाते, नातवंडं असलेली जाते, काठी टेकत चालणारी आजीसुद्धा भाच्याच्या मोटरसायकलवर बसून जाते. आदल्या रात्री करू भात, म्हणजे भात आणि कारलं. दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास, आणि मग माहेरची नवी साडी. सरकारने या दिवशी सुट्टी दिली आहे, ती न देऊन करणार काय? बसगाड्या तुडुंब भरून गावांकडे जातात आणि समता कॉलोनीतल्या भल्या भल्या घरांच्या मोऱ्यांत खरकट्या कढयांचे ढीग लागतात.

आता पंचांग पाहा. तृतीयेला तिजा, चतुर्थीला गणपती. घरात मोदकाचं सारण, पंधरा माणसांचा स्वयंपाक, अख्ख्या तात्यापाऱ्याचे नातेवाईक आरतीला, आणि बाई गावाला. एका वर्षी मी रदबदली करून पाहिली. एकच दिवस थांब, गणपती बसले की जा, साडी मी घेते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुंहर गनेस हर साल आथे दीदी, मोर भाई घलो हर साल आथे." यावर बिंबाजी भोसल्यांकडेही उत्तर नव्हतं. शिवाय जाता जाता तिने दारातून विचारलं, "तुंहर भाई नई आइस?"

माझा भाऊ गुहागरला असतो. हरतालिकेला तो व्हॉट्सअॅपवर पार्वतीचं चित्र पाठवतो, खाली गुलाबाची फुलं. हा प्रश्न मी त्याला कळवला तेव्हा त्याचं उत्तर आलं की तत्काळमध्ये तिकीट मिळालं नाही. त्या दिवशी मी परात घासली ती जरा जास्तच जोरात.

पुढच्या वर्षी मात्र तो खरंच आला. ताईला माहेरी न्यायला आलो म्हणाला, पण गणपती घरात असताना मी निघणार कशी? मग दहा दिवस राहिला, मोदक खाल्ले, भांडी विसळली, आणि सोसायटीच्या झाडलोटवाल्या आजीने "का साग?" विचारल्यावर "वांगी!" म्हणून छातीठोक उत्तर द्यायला लागला. अगरवाल भाभीजींना तो फार आवडला. "आपके भैया तिजा में आए, कितना अच्छा है," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. आमच्या लेखी त्याचं येणं मोरीतल्या भांड्यांसाठी होतं, पण ते सांगायची गरज नव्हती.

तर मंडळी, रायपूरला अवश्य या. पुण्याहून आझाद हिंद थेट येते, मुंबईहून गीतांजली, आणि नागपूरहून तर वंदे भारत आहे. मेअखेरीस नवतपा असतो, तेव्हा नका येऊ, मेंदू वितळतो. तिजाला आलात तर खुशाल या, फक्त भांडी घासायची तयारी ठेवा. आणि कोकणातून येणार असाल तर सुकट आणा, नीट गुंडाळून. दोन पुड्या आणा. दुसरी माझी नाही.