खिडकीतला मांडव

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे, हे मी चारचौघांत सांगत नाही. शिरोळात अजून चारचौघांनी विचारलेलंही नाही. पण विचारलंच तर तयारी असावी. ज्या माणसानं साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात युनिक्सवर उभी हयात काढली, त्यानं निवृत्तीनंतर स्टार्ट बटणावर टिचक्या माराव्यात हे शोभत नाही. मशीन विंडोजचं असेना का, वर दिसणारा डेस्कटॉप मात्र युनिक्सच्या घराण्यातला हवा. पट्टी वेगळी, चिन्हं वेगळी, कोपऱ्यात एक काळं टर्मिनल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं थबकून "हे काय वेगळंच दिसाय लागलंय?" असं विचारायला हवं. खरं तर या शेवटच्या कलमासाठीच आधीची सगळी कलमं आहेत.

"मामा, मग सरळ लिनक्सच टाका की," पुण्याच्या भाच्यानं सल्ला दिला. लिनक्सचं घराणंही युनिक्सचंच. सल्ला द्यायला त्याचं काय जातंय! या लॅपटॉपवर माझ्याखेरीज घरातल्या सगळ्यांचा हक्क आहे. सौभाग्यवतींच्या बचत गटाचा हिशेब त्यातल्या एक्सेलमध्ये आहे, आणि ती फाइल हलली तर मीही हललो, असं मला स्वच्छ शब्दांत सांगण्यात आलंय. तेव्हा विंडोज जागचं हलणार नाही आणि त्याच्या पोटात युनिक्स नांदेल, असाच तोडगा काढणं भाग होतं.

कुणाला हे पक्षांतर वाटेल, पण आमच्या भागात पक्षांतर समजावून सांगावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टचंच बघा. त्यांनी १९८० साली, म्हणजे डॉस यायच्याही आधी, एटी अँड टीकडून परवाना घेऊन झेनिक्स या नावानं युनिक्सच विकायला काढलं होतं. पुढं ते एससीओ या कंपनीकडं गेलं, आणि आमच्या कारखान्यातलं पहिलं मशीन त्यावरच चालायचं. मग मंडळी विंडोजच्या पॅनेलमधून उभी राहिली. २००१ साली त्यांचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाच्या पंक्तीला बसवलं. आणि २०१६ साली त्याच कंपनीनं डब्ल्यूएसएल नावाची सोय करून विंडोज १० मध्ये लिनक्स नांदायला आणलं! पंधरा वर्षं म्हणजे कारखान्याच्या तीन निवडणुका. तेवढ्यात काय काय होतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. मला नवल वाटलं नाही.

मात्र लिनक्स आलं ते नुसत्या अक्षरांचं. चित्र, खिडक्या, उंदराचा बाण काही नाही. ती हौस भागवायची तर एक्स लागतो. एक्स म्हणजे एक्स विंडो सिस्टम. १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये बॉब शाइफ्लर आणि मंडळींनी ती सुरू केली. आधी डब्ल्यू नावाची एक प्रणाली होती, तिच्या पुढचं अक्षर म्हणून एक्स. बारशाला एवढीच मेहनत. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती आली आणि आजही अकरावीच चालू आहे. अकरावीत इतकी वर्षं काढलेला दुसरा कुणी माझ्या पाहण्यात नाही.

या एक्सची तऱ्हा उफराटी. सर्व्हर म्हटलं की आपल्याला थंड खोलीतलं मोठं धूड आठवतं. इथं सर्व्हर आपल्या टेबलावर असतो, कारण पडदा आपल्याकडं आहे. प्रोग्रॅम कुठंही चालू दे, तो गिऱ्हाईक. सौभाग्यवतींना मी लग्नाच्या मांडवावरून समजावलं. मांडववाला आपल्या दारात उभा आणि पाहुणे गावाकडून फोनवर सांगतायत, 'इथं कमान घाला, तिथं झालर सोडा'. मांडववाला निमूटपणे घालतो आणि उलट कळवतो, 'कुणीतरी डाव्या खांबाला हात लावला बरं का'. तो हात म्हणजे आपली क्लिक. "आणि पैसे कुणी द्यायचे?" सौभाग्यवती बचत गटाच्या अध्यक्ष आहेत.

तर विंडोजवर हा मांडववाला वेगळा आणून बसवावा लागतो. मी व्हीसीएक्सएसआरव्ही नावाचा आणला. नाव उच्चारता उच्चारता चहा निवतो, पण माणूस गुणी आणि फुकट. मग उबंटू या लिनक्सच्या वाणात एक्सएफसीई हा डेस्कटॉप उतरवून घेतला. तो हलका, माझ्या लॅपटॉपच्या आणि माझ्या वयाला झेपणारा. मग आज्ञा दिली. उत्तर आलं, 'कान्ट ओपन डिस्प्ले'. म्हणजे पाहुणे निघाले, पण मांडव कुठल्या गल्लीत तेच त्यांना माहीत नाही. तो पत्ता डिस्प्ले नावाच्या चलात लिहून ठेवायचा असतो. डब्ल्यूएसएलच्या पहिल्या आवृत्तीत हे सोपं होतं, दोघे एकाच घरात. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सला स्वतंत्र आभासी मशीन मिळालं, म्हणजे वेगळी चूल. आता मधे आभासी नेटवर्क, आणि मशीन बंद करून चालू केलं की पत्ता बदलतो. रोज नवा पत्ता फाइलीतून हुडकून द्या. त्यात फायरवॉल. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हे नेटवर्क खासगी की सार्वजनिक? घरात कोण केव्हा येऊन माझ्या खुर्चीत बसतं ते पाहता मी सार्वजनिक म्हणालो. तेव्हापासून ती एक्सच्या सहा हजार क्रमांकाच्या दारात काठी घेऊन बसली.

अखेर सगळं जुळलं. पहिली परीक्षा म्हणून एक्सआइज चालवायचा, हा जगभरचा रिवाज. एवढ्या खटाटोपानंतर पडद्यावर उमटतात दोन डोळे. नुसते डोळे! उंदीर डावीकडं नेला की बुबुळं डावीकडं, उजवीकडं नेला की उजवीकडं. दुसरं काही काम त्यांना नाही आणि ते त्याची लाजही बाळगत नाहीत. मी सगळ्यांना हाका मारल्या. आईनं पदर सावरून बराच वेळ बघितलं.

"आरं, कोन बघतंय ह्यातनं?"

"कोन न्हाई आई, प्रोग्रॅम हाय."

"असंल. पर नजर बरी न्हाई."

संध्याकाळी लॅपटॉपवरून मीठ-मोहऱ्या उतरल्या. सुक्या मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना लागला, म्हणजे दृष्ट नव्हतीच म्हणायची. पण आईच्या मते लॅपटॉपला ठसका लागत नाही, त्यामुळं खात्री देता येत नाही.

इथं मला कारखान्याच्या संगणक खोलीत जाऊन यायचंय. वाचकांनी थोडं थांबावं, किंवा थेट भाचा परत येतो तिथं जावं.

संगणक खोली म्हणजे एमडी साहेबांच्या केबिननंतरचं कारखान्यातलं दुसरं एसी ठिकाण. दारात चपला काढायच्या. मशीनला धूळ चालत नाही म्हणून. पण नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला जावं तसं सगळे वाकून आत यायचे. संचालकसुद्धा मोजे सावरत, खालच्या आवाजात बोलायचे. आत मुख्य मशीन एकच, आणि त्याला वायरींनी जोडलेली टर्मिनलं. त्यांना स्वतःची अक्कल नसायची, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवायची तेवढी. एक वजनकाट्यावर, एक शेती खात्यात, एक हिशेबाला, एक माझ्यापुढं. तिकडं गाडी काट्यावर चढली की टनेज इकडं हजर. पंधरवडा बिलाच्या रात्री १३२ रकान्यांचा प्रिंटर असा करवतायचा की कॉलनीतली पोरं त्याच आवाजावर झोपायची. त्याच्या कागदाला दोन्ही कडांनी भोकांच्या पट्ट्या. त्या फाडून मुलांना खेळायला न्यायच्या, हा ईडीपीचा बोनस. आणि रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड दोघांकडंच: एक विभागप्रमुख आणि एक मी. गळीत हंगामात मला साधा ताप आला तरी शेती अधिकारी सफरचंदं घेऊन यायचे. सफरचंदं माझ्यासाठी नव्हती, पासवर्डसाठी होती, हे मला कळायचं. मी ती खायचो.

माझ्या टेबलाला लागून एक खिडकी होती. लाकडी, गज असलेली. तिथं शेतकरी यायचे. हातात बिलाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, आडनाव आधी. टन, दर, तोडणी-वाहतूक, सोसायटी वसुली, सगळं त्याच अक्षरांत आखडून. "साहेब, वाचून सांगता काय?" मी पडद्याकडं बघत, चिठ्ठी न बघता, धडाधड वाचायचो. ऐट होती त्यात. लोक म्हणायचे, ह्याला मशीन तोंडपाठ. पण आडसाली ऊस अठरा महिने शेतात उभा करणारा माणूस स्वतःच्या बिलावरचं स्वतःचं नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. पुण्यात सी-डॅक १९८८ साली निघालं होतं. त्यांच्या जिस्ट कार्डानं पडद्यावर देवनागरी उमटायची. ते कार्ड घ्यावं असा विषय वर गेला की उत्तर यायचं, आकडे कळले की झालं, नाव काय, ते त्याला ठाऊकच आहे. हे उत्तर आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. त्याला नाव ठाऊक होतं, हे खरंच आहे. कागदाला ठाऊक नव्हतं.

असो. भाचा आला.

गणेशोत्सवाच्या सुट्टीत आला आणि माझा मांडव बघून हसला. "मामा, हे सगळं कशाला? २०२१ पासून डब्ल्यूएसएलजी आलंय." त्यानं एक ओळ टाइप केली, 'डब्ल्यूएसएल अपडेट', मशीन बंद करून चालू केलं आणि एक्सआइज लिहिलं. डोळे उघडले. पत्ता नाही, फायरवॉल नाही, व्हीसीएक्सएसआरव्ही तर दाराबाहेरच. आत म्हणे मायक्रोसॉफ्टनं स्वतःच पडद्याची व्यवस्था भरून दिलीय, आणि लिनक्सची खिडकी थेट विंडोजच्या पट्टीवर येऊन बसते. एक्सेलच्या शेजारी. जणू काही झालंच नाही.

मला ते आवडलं नाही. कुणीही उठावं आणि एका ओळीत युनिक्सची खिडकी उघडावी, मग आमची सफरचंदं कोण आणणार? शिवाय त्यात सबंध डेस्कटॉप दिसत नाही, सुट्या सुट्या खिडक्या येतात. मला भिंतीपासून भिंतीपर्यंत युनिक्स हवं. तेव्हा भाचा पुण्याला गेल्यावर मी पुन्हा व्हीसीएक्सएसआरव्हीच लावलं. वर पत्ता आपोआप शोधणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून स्वागताला बसवली. भाच्याला कळवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या माघारी केली. ताज्या उबंटूत मराठी मजकूर उघडला तर अक्षरांच्या जागी ओळीनं रिकामे चौकोन दिसतात. म्हणून लोहित हा टंक घातला, भाषा मराठी केली आणि गेडिट हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम उघडला. मेनू मराठीत आले. अर्धे, उरलेले इंग्रजीतच. पण जे मराठीत होते ते कुणीतरी एकेक ओळ बसून लिहिलेले. इंडलिनक्ससारख्या गटांनी २००० च्या सुमारास हे काम हातात घेतलं, पुढं पुण्याच्या रेड हॅटमधल्या मंडळींनी रेटलं, बरंचसं नोकरी सांभाळून रात्री जागून. वापरणार कोण, हे कुणी त्यांना सांगितलं नसणार. मी त्या फाइलीत आमच्या कारखान्याच्या शेतकऱ्यांची आठवतील तेवढी नावं मराठीत लिहून काढली, गाववार. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, अकिवाट, खिद्रापूर. जोडाक्षरं कुठं फुटली नाहीत. फाइलीचा उपयोग काही नाही. ठेवलीय.

परवा गल्लीतलेच एक तात्या आले. खिडकीवरचे जुने गिऱ्हाईक. आता टनेज काट्यावरूनच मोबाईलवर येतं, वाचून दाखवायला कुणी लागत नाही. पण नातवानं मोबाईल कॉलेजला नेला होता आणि तात्यांनी आकडे पासबुकाच्या मागं उतरवून आणले होते. माझं भाग्यच उघडलं. मी सबंध पडदा युनिक्सचा केला, टर्मिनलमध्ये बीसी हा आकडेमोडीचा प्रोग्रॅम उघडला आणि टनेज गुणिले दर, वजा सोसायटी, असं सावकाश, दिसेल असं टाइप केलं. उत्तर रुपयाला रुपया जुळलं. मी जुन्या सवयीनं खुर्ची मागं घेतली.

तात्यांनी हिरव्या अक्षरांकडं, एक्सआइजच्या डोळ्यांकडं, मग माझ्याकडं बघितलं. "गुणाकार झाला," ते म्हणाले. "पर काटा मारलाय का न्हाई, ते दावतंय का ह्यात?"

मी कारखान्याचा माणूस. सौभाग्यवतींना चहा टाकायला सांगितला.