विद्यापीठ आपल्या दारी

भारत विकसित आहे की विकसनशील, हे समोर माईक आहे की अर्ज यावर ठरते. माईक असला की आपण जगातली चौथी मोठी अर्थव्यवस्था. नीती आयोगाने मे २०२५ मध्ये तसे सांगूनही टाकले. परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज समोर आला की आपण लगेच गरीब. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीसाठी तर ‘माझ्या शिक्षणाने माझ्या देशाचा विकास कसा होईल’ हे लिहून द्यावे लागते. खारघरच्या विसाव्या मजल्यावर वाढलेल्या मुलाला मग आजोळच्या माण तालुक्यातला दुष्काळ आठवतो आणि मे महिन्याच्या दोन सुट्ट्यांच्या भांडवलावर तो पानभर मजकूर काढतो. त्याला आमचा सल्ला एवढाच, की घाई कर. २०४७ साली आपण विकसित होणार हे ठरलेले आहे. त्यानंतर माणच्या दुष्काळाला लंडनमध्ये भाव येणार नाही.

ज्यांना हा निबंध जमत नाही, त्यांच्यासाठी वाशीत परदेशी शिक्षणाचे सल्लागार आहेत. त्यांच्याकडे ‘स्कॉलरशिप’ या नावाने वेगळाच माल मिळतो. समजा, फी पंचवीस हजार पौंड. त्यातले तीन हजार माफ. ही माफी म्हणजे स्कॉलरशिप. साडीच्या दुकानात यालाच आषाढ सेल म्हणतात आणि तिथे आपण हसतो. इथे पेढे वाटतो. उरलेल्या बावीस हजारांसाठी बाबांचे घर बँकेकडे जाते. घर सिडकोच्या सोडतीत लागलेले, खालची जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावरची. म्हणजे गहाण टाकायलाही सिडकोची एनओसी हवी. मुलाच्या मास्टर्सचा पहिला पेपर असा बाबाच बेलापूरला, सिडकोच्या कार्यालयात देऊन येतात.

खरी शिष्यवृत्ती बघायची तर १९१३ सालात जावे लागते. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुण पदवीधराला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. बदल्यात दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी. जूनच्या सुरुवातीला करारावर सह्या झाल्या आणि जुलै सरायच्या आत अर्जदार न्यूयॉर्कला पोहोचलेसुद्धा. आज तेवढ्या दिवसांत उत्पन्नाच्या दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांची दिलजमाई होत नाही.

तोच अर्ज आज आला असता तर? मॅट्रिकचे गुण, ७५० पैकी २८२. म्हणजे ३७.६ टक्के. आंबेडकरांच्या पुढच्या लंडनवारीला मदत केली ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. त्याच महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला २०२४ मध्ये सरकारने ७५ टक्के गुणांची अट लावली. म्हणजे आमचा उमेदवार अटीच्या निम्म्यापर्यंत पोहोचला होता, वर एक दशांश टक्का शिल्लकही. खूप ओरड झाली तेव्हा अट मागे घेतली गेली. पण ती सुचली कुणाला, आणि सुचताना त्याच्या मागच्या भिंतीवर कुणाची तसबीर होती, हे कळायला हवे होते.

गुणांचे जमले असते तरी विषय आडवा आला असता. कोलंबियात १९१६ साली त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीने २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय यादीतून काढून टाकले. या विषयांची साधने आणि जाणकार देशातच भरपूर आहेत, असे कारण दिले गेले. ते खरेही आहे. जातीचा अभ्यास करायला न्यूयॉर्कला कशाला जायचे? गावातच राहावे, सामग्री रोज ताजी मिळते.

याच शिष्यवृत्तीसाठी २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली. सुरुवातीला पत्रे निघाली ४० जणांना. बाकीच्या ६६ जणांना कळवले गेले, की निधी उपलब्ध झाल्यास बघू.

निधी नसला की वाट बदलायची. मुलगा विद्यापीठात पोहोचत नसेल तर विद्यापीठच मुलाकडे आणावे, ही ‘शासन आपल्या दारी’ या सरकारी मोहिमेची पुढची पायरी. जून २०२५ मध्ये मुंबईत थाटात समारंभ झाला आणि पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे दिली गेली: स्कॉटलंडचे अ‍ॅबरडीन, इंग्लंडचे यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेतली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था. नवी मुंबई विमानतळाशेजारी सिडकोची एज्युसिटी होणार, तिथे सोयी तयार मिळणार. आमच्या पोरांना अधिवासाच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. अ‍ॅबरडीनची स्थापना १४९५ सालची, तेवढ्यावर भागले. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे फी त्यांची त्यांनी ठरवायची, आरक्षणाचे बंधन नाही. शिष्यवृत्तीचे कलम आहे, नाही असे नाही. या संस्था गरजू वा गुणी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती ‘देऊ शकतील’. आम्हीही देऊ शकतो. सयाजीरावांच्या करारात दहा वर्षांची हमी विद्यार्थ्याने दिली होती. इथे विद्यापीठाने दहा वर्षांत किती गरीब मुले शिकवली, हे विचारायची कुणाला सोय नाही.

विमानतळासाठी दहा गावे उठली. त्या गावांतल्या मुलांसाठी सिडकोची विद्यावेतन योजना आहे. ती यॉर्कच्या फीला कुठवर पुरेल, याचा हिशेब एज्युसिटीच्या चकचकीत चित्रफितीत काही आम्हाला दिसला नाही. चित्रफितीत हिरवळ आहे, सायकली आहेत, गोऱ्या मुली पुस्तके छातीशी धरून चालत आहेत. उलव्याच्या बाजारात कोळंबीचा वाटा लावून बसलेल्या एका मावशींना ती मोबाइलवर दाखवली. मावशींनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि प्रवेश कसा मिळतो ते विचारले. आधी आयईएल्टीएससारखी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागू शकते, असे सांगितले.

“येतात ते आमच्या गावात,” मावशी म्हणाल्या, “आन् परीक्षा आमच्या पोरानं द्यायची? त्यांच्या साहेबाला सांगा, आधी आगरी शिकून ये.”