हरितगृहस्थ

न्यू जर्सीत मोटारींच्या नंबरपाट्यांवर ‘गार्डन स्टेट’ असं छापलेलं असतं. ते खास आपल्याला उद्देशून आहे, अशी समजूत असलेले मराठी गृहस्थ एडिसन, पिस्कॅटवे, प्लेन्सबरो या पट्ट्यात बरेच आढळतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी औषध कंपनीत नाहीतर संगणकात. मुलं शिकून लांब गेलेली. आणि परसात, कुंपणाला लागून, सहा फूट बाय आठ फुटांचं पॉलिकार्बोनेटचं ग्रीनहाऊस. या माणसाला आख्खं मराठी मंडळ ‘काका’ म्हणतं.

पुण्यात होते तेव्हा काकांचा शेतीशी संबंध कोथिंबिरीची जुडी आणण्यापुरता होता, आणि त्या जुडीतही निम्मी पिवळी निघायची. आईनं तुळशीला पाणी घालायला सांगितलं की यांना नेमका अभ्यास आठवायचा. तेच काका आता फेब्रुवारीच्या शेवटी, शेजारी अजून बर्फ उपसत असताना, बेसमेंटमधून बियांचा डबा वर आणतात. बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा, ज्यात इतर घरांत सुईदोरा असतो. आत पुड्या, पुड्यांवर काकांचं बारीक अक्षर: ‘भरताचं, जळगाव’, ‘दुधी, लांब’, ‘गवार, वहिनी’. हे बी इथवर कसं आलं, हे विचारायचं नसतं. विमानतळावरचे नियम कडक आहेत आणि काका कायदा पाळणारे आहेत, एवढ्यावर समाधान मानायचं.

कारल्याच्या बीचं कवच जाड. काका ते नेलकटरनं कडेला अगदी किंचित कातरतात. चष्मा कपाळावर, जीभ दातांत. मग बी ओल्या पेपर टॉवेलात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वायफायच्या राउटरवर ठेवतात, कारण घरात रात्रंदिवस कोमट असलेली तेवढी एकच जागा. काकूंची मालिका ऐन वेळी अडकली की त्यांना कळतं, आज राउटर हलवून कोंब पाहिले गेलेत.

पण बी ही नुसती सुरुवात. काकांचं खरं पीक म्हणजे तापमान. मार्चमधल्या स्वच्छ दिवशी बाहेर पंचेचाळीस फॅरनहाइट असताना ग्रीनहाऊसमध्ये दुपारी शंभर होतात, आणि रात्री तेच घर बाहेरच्याइतकं गार पडतं. म्हणून आत काळे रंगवलेले पाण्याचे पिंप आहेत: दिवसा ऊन पितात, रात्री ऊब सोडतात. छोटा हीटर आहे. तापमापक फोनला जोडलेला आहे. पारा चाळिसाच्या खाली गेला की रात्री दोन वाजता काकांच्या उशाशी भोंगा वाजतो, आणि काका स्वेटरवर जाकीट, पायात बर्फाचे बूट अशा थाटात विजेरी घेऊन बाहेर पडतात. शेजारच्या गोऱ्या म्हातारीनं पहिल्या वर्षी पोलिसांना फोन केला होता. आता ती फक्त पडदा सारते.

काकांकडे चहाला बोलावलं तर चहा नंतर मिळतो. आधी ग्रीनहाऊस. आत शिरताच आपल्या चष्म्यावर वाफ धरते, आणि त्या आंधळेपणातच काका छताच्या झडपेकडे बोट दाखवतात. त्या झडपेला नळकांडं असतं, नळकांड्यात मेण. ऊन वाढलं की मेण फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते. गार झालं की मिटते. वीज नाही, बटण नाही. काकांनी तीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं, पण त्याबद्दल ते कधी बोललेले कुणाला आठवत नाही. या मेणाबद्दल मात्र ते पंधरा मिनिटं बोलतात. आणि खरं सांगायचं तर ते पाहण्यासारखं असतंच.

मग ओळखपरेड. कोपऱ्यात कढीपत्ता, नुसता खराटा. आपण सहानुभूतीनं “गेला वाटतं,” म्हणालो की काकांचा चेहरा बदलतो. ते नखानं सालीला चरा देतात. आत हिरवं दिसतं. “गेला?” काका विचारतात. त्याला ते आंबट ताक घालतात, त्यामुळे आत एक विशिष्ट वास असतो, आणि ते ताक मुळात कढीसाठी राखलेलं होतं, हे काकू चहाच्या वेळी सांगतात. मुलगी कॅलिफोर्नियात. तिला एक रोप द्यावं ही काकांची फार इच्छा, पण कढीपत्त्यावर बसणारा सिला नावाचा किडा संत्र्या-मोसंब्यांना ग्रीनिंगचा रोग लावतो, म्हणून ही रोपं राज्याराज्यांतून हलवण्यावर सरकारचे निर्बंध आहेत. मुलगी कोपऱ्यावरच्या दुकानातून कढीपत्ता आणते आणि ही गोष्ट बाबांना सांगत नाही.

कढीपत्त्याशेजारी दीड हात उंचीचा कडुनिंब. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. फाल्गुनी अमावास्येला मात्र काकांचा फोन खणखणू लागतो, कारण दुसऱ्या दिवशी पाडवा, आणि बाहेर कधीकधी चक्क बर्फ. काका दात्याच्या भूमिकेत शिरतात. मंडळाच्या गुढीला एक डहाळी. आजीव सभासदांना पाच पानं. ज्यांची वर्गणी थकली आहे, त्यांना यंदा ओवा-गुळावर भागवा म्हणून सांगितलं जातं.

एप्रिलमध्ये एखाद्या सकाळी ट्रेमधली वांग्याची निम्मी रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली असतात. रोपमर. ओल जास्त, हवा कमी, बुरशीचं काम. त्या दिवशी काका कामावर घरून हजेरी लावतात आणि उरलेल्यांवर दालचिनीची पूड भुरभुरवतात. दालचिनी काकूंच्या डब्यातली. रविवारी पुलावाला काही चव नव्हती असं कुणी म्हणालं तर काकू फक्त खिडकीबाहेर बघतात.

एकदा काकूंनी विजेचं बिल, माती, खत, ट्रे, हीटर असा सगळा हिशेब मांडून एका वांग्याला किती डॉलर पडतात ते काढलं. आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही, पण त्या वर्षी भरीत वाढताना त्या प्रत्येकाला “टाकू नका हं,” असं म्हणत होत्या. चवीला ते ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेल्या वांग्याच्या भरतासारखंच होतं. हे मी इथे लिहितोय. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर म्हणायची माझी छाती नाही.

मग रोपांना बाहेरची सवय लावणं. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग दोन तास, मग थोडं ऊन. काका ऑफिसच्या मीटिंगमधून कॅमेरा बंद करून उठतात, ट्रे आत-बाहेर करतात. या भागातला अनुभवी माणूस सांगतो की मदर्स डेच्या, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारच्या आधी वांगी-मिरच्या जमिनीत लावू नयेत, रात्रीचं दहिवर गोठून दगा देतं. काका हे वाक्य वेदवाक्य मानतात. त्यामुळे मदर्स डे हा काकांच्या घरी गेली कित्येक वर्षं लावणीचा दिवस आहे. काकूंना बाहेर जेवायला न्यायचं दरवर्षी ठरतं, आणि संध्याकाळी सहाला काका गुडघ्यापर्यंत चिखलात असतात.

यंदा लावणी झाली आणि त्याच रात्री थंडीचा इशारा आला. मुलाचा आईला शुभेच्छांचा फोन नेमका तेव्हाच. काकू स्पीकरवर बोलत होत्या.

“बाबा? बाहेर आहेत. दुध्याला पांघरूण घालतायत. हो, आत्ता, अंधारात. माझी नवी चादर नेलीय. अरे, तू तान्हा असताना कानानं रात्ररात्र रडायचास, तेव्हा हा माणूस एकदा तरी उठला होता का, विचार त्याला. थांब, आलेच बघ. काय हवंय हो? उशीचे अभ्रे? किती?”