जरा पाय पुढे करा

रविवारी सकाळी कुठल्याही मराठी चर्चमध्ये उपासनेच्या थोडे आधी जाऊन बघावे. मागचे बाक गच्च भरलेले असतात, मधले भरत आलेले असतात आणि पुढचे तीन-चार ओस पडलेले असतात. पाळकसाहेब विनवतात, "मंडळी, जरा पुढे या." मंडळी हसतात, शेजाऱ्याकडे बघतात, पदर किंवा कॉलर सारखी करतात आणि जागच्या जागी राहतात. परगावचा पाहुणा पहिल्यांदाच आला असेल तर त्याला वाटावे, काय हा विनय!

लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात येशू एका परुश्याच्या घरी जेवायला गेलेला आहे. मानाच्या जागा पटकावण्यासाठी पाहुण्यांची चाललेली लगबग तो बघतो आणि सांगतो, की मेजवानीला गेलात तर शेवटच्या जागेवर बसा. यजमान येऊन तुम्हाला वर बोलावील. ख्रिस्ताच्या साऱ्या शिकवणुकीत आम्ही बिनतक्रार पाळतो ती एवढी एकच गोष्ट. शत्रूवर प्रीती करणे, दुसरा गाल पुढे करणे वगैरे विषय अजून कमिटीपुढे आहेत. शेवटच्या जागेचा ठराव मात्र केव्हाच मंजूर झाला. आता मागच्या बाकावर पंख्याचा वारा नीट लागतो, दार जवळ असते आणि उपदेश लांबला तर लहान मुलाला बाहेर नेण्याचे निमित्त काढून स्वतःही बाहेर जाता येते, हे खरे. पण त्याची वाच्यता कशाला?

हेच लोक संध्याकाळी लग्नाच्या रिसेप्शनला गेले की पुढचे सोफे कसे भरतात तेही बघण्यासारखे असते. तिथे शेवटच्या खुर्चीवर बसलेले एखादे काका असतात, नाही असे नाही. पण त्यांची मान सारखी उंचावलेली असते. यजमान कुठे आहे, त्याची नजर आपल्याकडे वळते आहे की नाही, फोटोला बोलावणे कधी येणार, याचा अंदाज चालू असतो. येशूच्या दृष्टान्तात हा पाहुणा नाही. पण येशूला तो ठाऊक असणारच.

देवापुढे लीन होण्याची हीच पंचाईत आहे. बाकीचे सद्गुण आपल्याकडे आहेत की नाहीत हे बघता येते. दानधर्माची पावती मिळते, उपास तर पोटालाच कळतो. नम्रता आली की नाही ते बघायला माणूस वळला, की ती गेलेली असते. गणनाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एक वाक्य आहे : मोशे हा पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांहून नम्र होता. वाक्य सुंदर आहे. अडचण एवढीच, की परंपरेनुसार ते पुस्तक मोशेनेच लिहिले. या अडचणीवर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आणि हे वाक्य मागाहून दुसऱ्या कोणीतरी घातले असावे, असे अनेकांनी ठरवले. माझा संशय यहोशवावर आहे. गुरूबद्दल अशी वाक्ये शिष्यच घालतात.

आमच्या जाहीर प्रार्थना ऐकाव्यात. "हे प्रभू, आम्ही धुळीचे कण, आम्ही नालायक दास, आमच्यात काहीएक चांगले नाही." आवाज भरून येतो, डोळे मिटलेले असतात. उपासनेनंतर पास्टरेट कमिटीची बैठक असते आणि तिथे कोणीतरी सहज म्हणते, "भाऊ, मागच्या महिन्याचा हिशेब जरा जुळत नाही." झाले! अर्ध्या तासापूर्वीचा धुळीचा कण ताडकन उभा राहतो. देवासमोर स्वतःला काहीही म्हणवून घेता येते. तिथे उलट बोलणारे कोणी नसते. तीच गोष्ट शेजारच्या खुर्चीवरून आली तर निराळी ठरते. साक्ष देण्याच्या सभेतही असेच. एकाने तारुण्यातली विडी कबूल केली, की दुसरा दारूपासून सुरुवात करतो आणि तिसऱ्याला मग फार मागे जावे लागते. पापांच्या बाबतीतही मागे राहायचे नाही, असा आमचा बाणा.

या रोगावर जुन्या लोकांनी औषधे शोधली नाहीत असे नव्हे. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेदिक्त याने आपल्या मठासाठी नियमावली लिहिली. तिचा सातवा अध्याय सगळा नम्रतेवर आहे आणि त्यात बारा पायऱ्यांची शिडी आहे. शिडी अवघड आहे. दहावी पायरी म्हणते, की साधूने चटकन हसू नये. अकराव्या पायरीवर बोलणे आले : हळू, थोडके आणि पुन्हा, न हसता. हलकेफुलके लिहून चार लोकांना हसवू पाहणाऱ्याने नवव्या पायरीवरच बूड टेकावे हे बरे. याच नियमावलीत पुढे एक कलम आहे, ते मला फार आवडते. मठात कोणी कसबी कारागीर असेल तर त्याने आपले काम नम्रपणे करावे. आपल्या हुन्नरामुळे मठाचे भले होते आहे असे त्याला वाटू लागले, तर त्याला त्या कामावरून काढून घ्यावे. हे कलम आपल्या गायनमंडळाला लावून बघायला हरकत नाही. नाताळ झाल्यावर.

पुढे बाराव्या शतकात क्लेरव्हो मठाच्या बर्नार्डने याच बारा पायऱ्यांवर पुस्तक लिहायला घेतले आणि बहुतेक पाने अहंकाराच्या बारा पायऱ्यांवर खर्च केली. नम्रतेची शिडी मागितली आणि ही भलतीच उतरंड दिली, असे वाचक म्हणणार, हे त्याला ठाऊक होते. शेवटी त्याने सांगून टाकले, की मी जे शिकलो तेच शिकवू शकतो. मला वाटते, इतका हसरा कबुलीजबाब देणारा माणूस दहाव्या पायरीवर नापासच झाला असता.

आणि हसण्याचाच मुद्दा निघाला आहे तर लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घ्यायलाच हवे. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्या आपल्या पतीच्या, रेव्हरंड टिळकांच्या, विसराळूपणावर हसतात, त्यांच्या तडकाफडकीच्या दानशूरपणावर हसतात आणि स्वतःवर तर मनसोक्त हसतात. मी किती क्षुद्र, मी किती पापी, असा गळा त्यांनी कुठे काढलेला आठवत नाही. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई ते सगळे टाकून 1900 साली बाप्तिस्मा घेते, केवढी उलथापालथ! पण ती सांगताना स्वतःची मूर्ती काही उभी करत नाही. स्वतःला धुळीचा कण म्हणणाऱ्याची नजर स्वतःवरच खिळलेली असते. स्वतःवर हसणाऱ्याची नजर लौकर सुटते आणि दुसऱ्या कुणावर तरी जाते. बेनेदिक्तबाबांना चार दिवस टिळकांच्या घरी मुक्कामाला पाठवायला हवे होते.

पण या साऱ्याहून अवघड गोष्ट एका जेवणाच्या वेळी घडली. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, अंगावरची वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पायांत साधी पायताणे, रस्ते धुळीचे. पाहुण्याचे पाय धुणे हे घरात सगळ्यांत खालच्या गड्याचे काम. पेत्राची पाळी येते तेव्हा तो साफ नकार देतो. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, असा त्याचा आविर्भाव.

मराठी माणसाला पेत्राची बाजू चटकन कळते. आपल्याकडे थोरांच्या पायांवर डोके ठेवायचे असते. चुकून कुणाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा असतो. वारीत तर लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. रेव्हरंड टिळक म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावर वाकायची सवय त्यांना चांगलीच झालेली असणार. वाकणे आपल्याला जमते. पण ज्याच्यापुढे वाकायचे तोच तांब्या घेऊन आपल्या पायांशी बसला तर? आपल्या घरातली कुठलीही मावशी पेत्रासारखीच पाय पोटाशी ओढून घेईल आणि म्हणेल, "अहो, हे काय भलतंच! उठा बघू आधी." आणि आपण केवढा विनय दाखवला असे तिला वाटेल. पेत्रालाही वाटलेच. येशूने त्याला ऐकवले, की पाय धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा संबंध उरत नाही. त्यावर पेत्राने एकदम दुसरे टोक गाठले : मग नुसते पायच कशाला, हात आणि डोकेही धुवा. पेत्र मला जवळचा वाटतो तो यासाठी. या माणसाला बेताने काही जमत नाही. आणि दोन्ही वेळा, किती धुवायचे ते ठरवणार मात्र तोच.

त्या रात्री येशूला धरून देणारा यहूदाही तिथेच होता. पाय धुण्यानंतर तो उठून बाहेर गेला. म्हणजे ते पायही धुतले गेले होते. त्याने पाय मागे घेतल्याची नोंद नाही. पाय मागे घेतले ते भक्ताने.

पुढे जगाने या विधीचे काय काय केले! इंग्लंडचे राजे उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी गरिबांचे पाय धूत. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळचे ग्रीनिचचे एक वर्णन आहे. राणी 39 वर्षांची, म्हणून 39 गरीब बायका बसवलेल्या. त्यांचे पाय आधी धोबीखात्यातल्या माणसांनी कोमट सुगंधी पाण्याने धुतले, मग दानखात्याच्या दुय्यम अधिकाऱ्याने, मग मुख्य अधिकाऱ्याने आणि शेवटी राणीने. तीनदा धुतलेल्या पायांवर राणीने काय धुतले असेल ते तीच जाणे. पुढे राजांनी धुणेही सोडले. आता राजाच्या वयाइतक्या पुरुषांना आणि तितक्याच स्त्रियांना खास पाडलेली चांदीची नाणी मिळतात. नाणे देताना वाकावे लागत नाही. रोममध्ये पोप फ्रान्सिस 2013 साली, निवडून आल्यावर पंधरवड्यातच, बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि बारा तरुण कैद्यांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. नियमांत तोवर फक्त पुरुषांचा उल्लेख होता. तो बदलणारा आदेश 2016च्या जानेवारीत निघाला. गुडघे टेकले आधी आणि नियम वाकला नंतर. वर्तमानपत्रांनी पोपच्या नम्रतेवर भरभरून लिहिले, ते योग्यच होते. पण पोपसमोर बूट-मोजे काढून बसलेल्या त्या पोरांना काय वाटले असेल, याचाच विचार माझ्या मनात जास्त येतो. त्यांच्या अवघडलेपणाला कोणी नम्रता म्हटले नाही.

तसे बसणे सोपे नसते. आयुष्यभर इतरांची आजारपणे काढलेली, मंडळीतल्या प्रत्येक घरी डबा पोचवलेली बाई स्वतः अंथरुणाला खिळली, की शेजारणीने आणलेली पेज गोड मानत नाही. "कशाला त्रास घेतलास," हे पालुपद सुरू होते. देण्याची सवय झालेल्या हाताला घेणे जड जाते, कारण देताना हात वर असतो. आपण देवासाठी किती करतो याची यादी ज्याच्याकडे तयार असते, त्याला देवाकडून काही घेताना फार कसेनुसे होते. कृपा फुकट आहे, असे आम्ही दर रविवारी गातो आणि अर्पणाची थैली आली की निदान थोडी भरपाई केल्यासारखे वाटून हायसे होते.

आमच्या मंडळीत अलीकडे उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. ज्यांची नावे ठरतात ते घरून टाचा वजरीने घासून, नखे कापून, जमल्यास नवी चप्पल घालून येतात. राणीच्या धोबीखात्याला आम्ही नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण गंमत त्याच्या आधीची आहे. घमेले धरायला, तांब्यातून पाणी ओतायला आणि टॉवेल द्यायला इतके स्वयंसेवक पुढे येतात, की त्यांच्यात चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. बारा जोडी पाय मात्र मिळता मिळत नाहीत. कुणाच्या टाचेला भेगा असतात, कुणाचा मधुमेह आडवा येतो, कुणाला डॉक्टरांनी पाणी लागू द्यायचे नाही म्हणून बजावलेले असते आणि एक-दोघांना "आमची कसली योग्यता" असे वाटत असते. सेक्रेटरी वही घेऊन घरोघर फिरतात.

यंदा अकरा नावे झाली आणि गाडी अडली. शेवटी ते कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींकडे गेले आणि घाबरत घाबरत विषय काढला. आजींनी चष्मा वर केला. "अरे, गुडघ्यांमुळे वर्षभर माझा हात माझ्याच पायाला पोचत नाही," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेब धुऊन देत असतील तर येते की मी. बसायला खुर्ची उंच बघ. आणि पाणी कोमट ठेवा म्हणावं. मागच्या वर्षी कुणीतरी सांगत होतं, फार गार होतं म्हणून."