मुदत संपली, प्रवेशिका चालू

नवी मुंबईकराला 'शेवटची तारीख' सांगणं म्हणजे त्याची थट्टा करणं. आमच्या विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मध्ये झालं आणि उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये. सिडकोच्या 26,000 घरांसाठी अर्ज सुटले 2024 च्या दसऱ्याला आणि मुदत वाढत वाढत संक्रांतीच्या तोंडाशी पोचली. अशा गावात मी सोसायटीच्या ऑनलाइन फ्लेमिंगो छायाचित्र स्पर्धेच्या नियमांत लिहिलं : '30 एप्रिल, रात्री 11:59. मुदतवाढ नाही.' शेवटचे दोन शब्द वाचून लिफ्टमध्ये म्हणे हशा पिकला.

11:59 मुद्दाम लिहिलं होतं. 'रात्री 12' लिहिलं असतं तर कोणत्या रात्रीचे बारा, यावर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागली असती. तरी पहिला फोन आला तो 12:07 ला. सातव्या मजल्यावरचे निवृत्त काका. "अहो, आपल्यात दिवस सूर्योदयाला बदलतो. पंचांग काढून बघा. सहापर्यंत तीसच आहे." पाठोपाठ तळमजल्यावरच्या काकू. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत. "तिकडे आत्ता तीस तारखेची दुपार आहे, त्याच्याकडून पाठवते." लाइट गेली, नेट गेलं, नातू फोन घेऊन झोपला, हे सगळं आलंच.

सगळ्यांत भारी युक्तिवाद सी विंगच्या एका ताईंचा. भरतीला खाडीचा चिखल बुडतो, तेव्हा फ्लेमिंगो उठून सीवूड्सच्या पाणथळीत येतात. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. "म्हणजे पक्षीच रोज उशिरा येणार. फोटो वेळेवर कुठून आणू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटोपेक्षा मुद्दाच जास्त फोकसमध्ये होता.

काहींनी फॉर्म उघडलाच नाही, थेट माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला. "पोचला ना? मग झालं." व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो अंगाने आटतो आणि कधी काढला याची नोंदही वाटेत सांडतो. शिवाय फाइलच्या नावात 'डब्ल्यूए' ही अक्षरं चिकटलेली असतात. 'मी स्वतः पहाटे उठून काढला' म्हणून आलेल्या एका मूळ फाइलच्या नावात ती दिसली, तेव्हा पहाटे उठलेला माणूस दुसराच कोणीतरी होता, एवढं कळलं. एकाच्या कॅमेऱ्याची बॅटरी मेल्यामुळे फोटोवर तारीख पडली होती 1 जानेवारी 2000. मी शंका काढली, तर म्हणतो, "मग उशिरा कसा? हा तर पंचवीस वर्षं आधीच आलाय."

मुदत पाळणाऱ्या स्पर्धाही असतात. 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही स्मारकांच्या छायाचित्रांची स्पर्धा 2010 साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि मग जगभर पसरली. त्यांचा नियम साधा : फोटो कधी काढलेला का असेना, साइटवर चढवायचा ठरलेल्या मुदतीतच. मुदत टळली की संपलं. त्यांना हे जमतं, कारण संयोजक कुठल्या फ्लॅटमध्ये राहतो हे स्पर्धकांना ठाऊक नसतं. इथे पंचांगवाले काका पार्किंगच्या समितीवर आहेत. न्यू जर्सीच्या काकूंकडून होळीला पुरणपोळी येते. नियम परक्यांसाठी असतात आणि आमच्या स्पर्धेत परकं कोणीच नव्हतं. त्यातून उशिरा आलेले फोटो वाईट असते तरी चाललं असतं! काकूंच्या फोटोत पाण्यात उलटे पडलेले गुलाबी पाय असे काही आले होते, की वेळेत आलेल्या फोटोंतले पक्षी प्लास्टिकचे वाटायला लागले.

शेवटी समिती बसली. चहा झाला, जुनी भांडणं झाली, आणि तोडगा निघाला : उशिरा आलेल्यांचा स्वतंत्र विभाग, स्वतंत्र बक्षीस. वेळेत आलेल्यांवर अन्याय नको, उशिराच्यांचं मन मोडायला नको. मी रात्री अकराला ग्रुपवर तसं जाहीर करून फोन बंद करणार, एवढ्यात आमच्या खजिनदारांचा मेसेज आला.

"भाऊ, माझा फोटो वेळेत आलाय ना, तो जरा उशिरावाल्यांत टाका. तिकडे गर्दी कमी आहे."