बोट घेऊ का, काका?

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे, ब्रिटिश कौन्सिल आहे. नाही ते फक्त पाणी. (अग्रसेन की बावली जवळच हेली रोडला आहे, पण तिथं बोट शंभरेक पायऱ्या उतरवावी लागेल.) तरी इथं बसून मला बोटीवर मत द्यायचंय. बर्मिंगहॅमचा पुतण्या घरभाड्याला कंटाळलाय आणि कालव्यातली जुनी नॅरोबोट घेऊन तिच्यातच राहायचं म्हणतोय.

रुंदी ७ फुटांहूनही कमी, लांबी पन्नास-साठ फूट. म्हणजे चाळीची गॅलरीच, वर छप्पर घातलेली. कायमचा धक्का नसेल तर एका जागी १४ दिवसांहून जास्त थांबायचं नाही, असा तिथला १९९५ चा कायदा. दिल्लीतले बाबू बदली टळावी म्हणून उंबरे झिजवतात. हा पठ्ठ्या स्वतःच्या खर्चानं दर पंधरवड्याला बदली मागतोय! वर परवाना, विमा, दोन-तीन वर्षांनी तळाला काळा लेप आणि संडासाची टाकी स्वतः उचलून रिकामी करणं. वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "यासाठी धाडला होता का विलायतेला?"

आमच्याकडे ही सोय फुकट आहे. जोराचा पाऊस झाला की मिंटो ब्रिजखाली बसगाड्या तरंगायला लागतात. परवाना कोणी विचारत नाही.

तेव्हा बाळा, हौस असेल तर घे. पण पैसे मोजण्याआधी बोट पाण्याबाहेर काढायला लाव आणि तळाच्या पत्र्याची जाडी तपासून घे. ४ मिलिमीटरहून कमी भरली, तर विमावाले कुरकुरतात.